लाल मातीच्या बेटावरचा हजर बाबर्ची

किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. ते त्या बेटावरच्या लाल मातीसारखे आहेत. ओढणी झटकली की वाटतं, गेली सगळी. आणि वर्षांनी ट्रंक उघडावी तर घडीघडीत बसलेली!

परवा धाकटी आली होती. ती मुलांना भूगोल शिकवते. तिच्या वहीत समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाची माहिती होती, नीट खाने पाडून: भूरचना, लोक, शासन, अर्थव्यवस्था. मी म्हटलं, "बेटच ना हे? मी सहा वर्षं एका बेटावर काढली, मला कुणी एक खाना विचारला नाही!"

"अम्मी, हा देश आहे. तुझं नुसतं बेट होतं."

नुसतं? झेंडा होता, सरकार होतं, निर्यात होती, आयात होती, आणि कायदा लागू नसलेली एक बकरी होती. देशाला आणखी काय लागतं? मी चौथी पास आहे, पण चार खाने भरायला चौथी पुरते.

*

भूरचना घ्या. बेट शेखांच्या मुलखातलं. तेव्हा अमिराती एक झाल्या नव्हत्या. किनाऱ्यावर जितके शेख तितके झेंडे, आणि आमच्यासारखे कोकणातले लोक बोट जिथे उतरवेल तिथे उतरायचे. बेट एवढं की चुलीवर भात ठेवून एका टोकाला निघालात तर परत येईपर्यंत भात शिजून वाफेवर यायचा. मी मोजमाप तसंच करायची. "खाण किती लांब?" "कण फुटेपर्यंत." "धक्का?" "पाणी आटेपर्यंत."

एक गोरी कंपनी तिथली लाल माती खणून विलायतेला न्यायची. तिकडे म्हणे तिचा रंग करायचे. आमचे हे त्या कंपनीत बाबर्ची, म्हणजे स्वैपाकी. (ह्यांचं नाव मी घेत नाही. आमच्यात बायका घेत नाहीत, आणि मी सगळ्या जगाशी भांडले तरी तेवढं एक पाळलं. तुम्हीही विचारू नका.)

पहिल्या दिवशी लाँचमधून उतरले आणि पायाखाली लाल माती! मी ओरडले, "अहो, ही तर आपली दापोलीच!" आमचे हे बोलायचे कमी. म्हणाले, "हूं."

मी पदराच्या गाठीत पडवळाचं, भेंडीचं, दोडक्याचं बी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी वाफे केले, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. रोज सकाळी जाऊन बघायची. पंधरा दिवसांत तिथे एकच वस्तू उगवली: वालीची बकरी! वाफ्याशी उभी राहून माझ्याकडे बघायची, जसं काही उशीर मीच करतेय.

*

वाली म्हणजे बेटावरचं सरकार. शेखाने नेमलेला कारभारी. त्याचं नाव सालेम. दाढी पांढरी, बंदूक जुनी, खुर्ची नवी. खुर्ची शेखाने दिलेली म्हणून तिच्यावर तो फक्त न्याय करताना बसायचा. एरवी जमिनीवर.

एकदा मी सुरमई खारवून वाळत घातली होती. चांगली सहा तुकडी. बकरीने सगळी खाल्ली! बकऱ्या मासे खातात का, असं विचाराल तर त्या बेटावर खातात; गवत नाही ना. मी तडक वालीकडे गेले.

"वालीसाहेब, मला न्याय पाहिजे."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध!"

म्हातारा उठला. आत जाऊन खुर्ची घेऊन आला, सावलीत मांडली, बंदूक मांडीवर घेतली, माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग खुर्चीवरून उठून समोर चटईवर गेला आणि हात जोडून उभा राहिला. "मी गरीब माणूस, बकरी मुकी, बाईने मासे उघड्यावर का ठेवले?" मग परत खुर्चीवर. "गप्प बस! मासे उघड्यावरच वाळतात!" परत चटईवर. "पण हुजूर..." परत खुर्चीवर. "खलास! रोज एक भांडं दूध ह्या बाईला द्यायचं, बकरी आटेपर्यंत!"

दुसऱ्या दिवशी स्वतः दूध घेऊन आला. भांडं माझ्या हातात दिलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काय सांगू बेटी, ह्या बेटावर सरकार फार कडक आहे!"

*

आता लोक. अरब कोळ्यांची थोडी घरं, खाणीत खणणारे बलुची, आणि आम्ही कोकणातले. त्यातले दोघेच इथे लागतील. एक इब्राहिमभाई, मुकादम, दाभोळकडचे. आवाज भोंग्यासारखा. दुसरा हुसेन, पाण्याच्या लाँचवरचा सुकाणी, माझ्याच गावचा. हुसेन खोटं बोलायचा, पण वाईट हेतूने नाही; त्याला खरं सांगायला कंटाळा यायचा.

इब्राहिमभाई रोज सकाळी हजेरी घ्यायचे. वहीत बघून नाव पुकारायचे, ज्याने त्याने "हजर!" म्हणायचं. आमचे हे चुलीपाशी असायचे, हात रिकामा नसायचा, म्हणून ते ओरडण्याऐवजी झारा परातीवर मारायचे. टण्ण! इब्राहिमभाई खूण करायचे.

तिसऱ्या वर्षी ह्यांना ताप आला. तीन दिवस. उत्तरेचा वारा, ज्याला तिथे शमाल म्हणतात, तो असा सुटला होता की हुसेनने दोनदा लाँच बाहेर काढली आणि दोनदा लाटांनी परत आणून धक्क्याला लावली. डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर. चौथ्या दिवशी वारा पडला. तोवर हे गेले होते, वाऱ्याला काम उरलं नव्हतं.

वालीने आपल्या अंगणातल्या बोरीखाली जागा दिली. बेटावर सावली देणारं झाड ते एकच.

कंपनीचा नियम असा: बेटावर बाईला नोकरी नाही. शेखाच्या कचेरीचा नियम असा: परदेशी बाई नवऱ्याच्या परवान्यावर, नवरा नाही तर परवाना नाही. म्हणजे पुढची लाँच माझी. आणि घरी काय होतं? दिराचं पत्र ताप यायच्या आधीपासूनच तयार असावं इतक्या लवकर आलं: "परत या. पोरींची शाळा पुरे झाली. थोरलीला स्थळ बघितलंय." थोरली तेव्हा पाचवीत होती, दोघी माझ्या आईकडे. मला चौथीनंतर शाळेतून उठवलं त्या दिवशी मी पाटी विहिरीत टाकली होती. पोरींच्या पाट्या माझ्या दिराने विहिरीत टाकाव्यात?

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जेवायची होतीच. मी चूल पेटवली. बाहेर इब्राहिमभाई हजेरी घेत होते. नाव, हजर. नाव, हजर. वही बघून वाचायची सवय. त्यांच्या तोंडून ह्यांचं नाव निघून गेलं.

 इब्राहिमभाईंचं तोंड उघडंच.

माझ्या हातात झारा होता. मी मारला परातीवर. टण्ण!

 मग इब्राहिमभाईंनी पेन्सिल थुंकीने ओली केली आणि खूण केली. त्या दिवसापासून आमचे हे रोज हजर. जिवंतपणी आठवड्यातून एकदा तरी उशीर व्हायचा. नंतर एकदाही नाही.

*

पण माझी इद्दत होती. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. आणि माझ्या दारात तीन वेळा जेवायला येणारे सगळेच परके पुरुष! स्वैपाक सोडावा तर नोकरी जाते, करावा तर दीन-धर्म जातो. हुसेन म्हणाला, "भाभी, आम्ही डोळे मिटून जेवू." मी म्हटलं, "तू उघड्या डोळ्यांनी तिघांचं खातोस, मिटून किती खाशील!"

पुन्हा वालीची खुर्ची बाहेर आली. त्याने विचार केला, दाढी ओढली आणि निकाल दिला: चूल आणि जेवणारे यांच्यामध्ये पडदा!

हुसेनने जुन्या गलबताचं शीड आणलं. बांधलं खांबांना. मी आत, ते बाहेर. शिडाच्या खालून ताट सरकवायचं, खालूनच परत घ्यायचं. हातही दिसायचा नाही.

ह्या काळात आमचा गोरा साहेब विलायतेला सुट्टीवर होता. तो परत आला, जेवायला बसला, तर समोर शीड! त्याला हिंदुस्तानी थोडी यायची. "ये क्या है?"

इब्राहिमभाईंनी हुसेनकडे बघितलं. हुसेन म्हणाला, "साहेब, बाबर्चीने नवस केलाय. चार महिने तोंड दाखवणार नाही."

साहेबाने खांदे उडवले. तीन वर्षं तो ह्यांच्या हातचं खात होता. आमचे हे भला माणूस, पण एक सांगते, त्यांच्या हाताला चव नव्हती. डाळ आणि चहा यांत फरक फक्त भांड्याचा. त्या दिवशी साहेबाने पहिला घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. ताट पुसून खाल्लं. मग शिडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बाबर्ची! तुम पहले क्यों नहीं छुपा?"

मी आत तोंडात ओढणी कोंबून बसले. हसत होते की रडत होते, ते मलाच कळलं नाही.

चार महिने दहा दिवसांनी मी शीड उतरवलं. साहेब येऊन उभा राहिला. मी चुलीपाशी, हातात झारा. त्याने मला बघितलं, झारा बघितला, रिकामा कोपरा बघितला. पाइप तोंडातून काढला, परत घातला.

"हम कुछ नहीं देखा," म्हणाला. "कल अंडा थोडा कच्चा रखो."

*

अर्थव्यवस्था. हे वहीत लिहून घ्यावं असंच आहे. आम्ही माती विकायचो आणि पाणी विकत आणायचो. विहीर होती, पण तिचं पाणी प्यायलं की माणूस सकाळपर्यंत पळत राही. म्हणून लाँचने पिंपं यायची. तांदूळ बाहेरून, लाकूड बाहेरून, काडेपेटी बाहेरून. माती तेवढी घरची.

एकदा साहेबाने हुकूम काढला: लाँच गंजायला लागली, रंग मागवा! पत्र गेलं. बोट आली. डबे उतरले, चांगले सीलबंद, वर मुकुटाचं चित्र. हुसेनने मोठ्या ऐटीत पहिल्या डब्याचं झाकण उचकटलं. आत लाल. त्याने बोट बुडवलं, वास घेतला, अंगठ्यावर चोळलं. मग जमिनीवरची चिमूटभर माती घेऊन शेजारी ठेवली.

"भाभी, बघ गो! आपलीच हाय!"

वाली बोलावला. त्याने दोन्ही बोटं बघितली. आयुष्यभर ह्या मातीवर बसलेला माणूस. म्हणाला, "विलायतेला जाऊन तेल पिऊन आली. आता बघ, डब्याशिवाय राहत नाही."

*

एक मात्र आमच्या मूर्खपणाचं सांगते, कारण दुसऱ्याच्या मूर्खपणाचं फार झालं.

मे संपत आला की कोकणातल्या माणसाचे हात शिवशिवतात. आगोट आली! घरं शाकारा, लाकडं रचा, सुकट-बोंबील भरून ठेवा, गलबतं ओढून वर घ्या. आता त्या बेटावर पाऊस कसला! पण पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही आणि कुणी विचार केला नाही. इब्राहिमभाई एका सकाळी छपरावर चढले. त्यांना बघून दुसरा चढला. मी लाकडं आत रचायला घेतली. खजुरीच्या पात्यांचे विणलेले झाप आणले, काथ्याने आवळले, भिंतीला पागोळीची चर खणली. आठ दिवस खपलो!

वाली रोज येऊन बघायचा. शेवटी त्याने विचारलं, "कोण येतंय? इराणी?"

"पाऊस येतोय," इब्राहिमभाई छपरावरून म्हणाले.

वालीला वाटलं, हे हिंदी लोक, ह्यांच्याकडे पावसाची काहीतरी विद्या असणार. त्याने घराघरांत सांगितलं. अरब बायकांनी हंडे बाहेर मांडले, कढया मांडल्या, एकीने तर पाळणा मांडला! जून गेला. जुलै गेला. हंड्यांत लाल माती साठली. आम्ही वालीची नजर चुकवून चालायचो.

डिसेंबरात इब्राहिमभाईंनी गुपचूप झाप उतरवले. जानेवारीत एका दुपारी ढग आले आणि असा कोसळला, असा कोसळला की माझी चूल वाहून धक्क्यापर्यंत गेली! वाली गुडघाभर पाण्यातून आला, दाढीतून पाणी निथळतंय, चेहरा आनंदाने फुललेला. इब्राहिमभाईंचा हात हातात घेतला.

"मी रोज म्हणायचो, हिंदी माणूस खोटं बोलत नाही. फक्त वेळ पाळत नाही!"

*

आता शेवटचं.

ह्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. थोरली आठवीला गेली होती, गावात मुलगी आठवीला जाणं म्हणजे बातमी. आणि हुसेन लाँचमधून खबर घेऊन आला: शिरगणती होणार! सगळ्या शेखांच्या मुलखात डोकी मोजायची आहेत. एक मास्तर येतोय, त्याच फेरीत परदेशी लोकांचे परवानेही ताडून बघणार. ज्याचा परवाना चुकीचा, तो त्याच लाँचने परत.

इब्राहिमभाईंनी वही पुन्हा पुन्हा उघडली. साहेबाला पोटात दुखायला लागलं आणि तो खोलीत जाऊन झोपला. हुसेन म्हणाला, "भाभी, तू काळजी नको करू, मी बोलतो." तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

मास्तर आला. पलीकडच्या कुठल्या तरी शाळेत शिकवायचा, मूळचा दूरच्या अरब मुलखातला, आपलं घरदार सुटलेला. चष्मा, बारीक मिशी, काखेत भलीमोठी वही. हसला नाही. कंपनीच्या पडवीत बसून एकेकाला बोलावायला लागला. मी लांबून बघितलं: कागदावर खाने. जमीन, माणसं, अंमल कुणाचा, धंदा काय. धाकटीच्या वहीत होते तेच!

कायदा त्याने सुरुवातीलाच सांगितला, वालीच्या तोंडावर: "काल रात्री जो बेटावर होता, तो बेटाचा. आणि मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाला लिहीत नाही."

सगळे झाले. मग त्याने परवान्यांचा गठ्ठा चाळला आणि एक कागद वर काढला. "बाबर्ची. आणि त्याची बायको. बायको दिसते. बाबर्ची कुठाय?"

"मासे धरायला गेलाय," हुसेन म्हणाला.

त्याच क्षणी इब्राहिमभाई म्हणाले, "ताप आलाय, आत झोपलाय."

आणि मागून एक बलुची म्हणाला, "पलीकडे गेलाय, मीठ आणायला."

मास्तरने चष्मा काढला. पुसला. परत घातला. "तीन बाबर्ची आहेत?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी झारा घेऊनच बाहेर आले. "अरे, खोटं बोलायचं तर सगळ्यांनी मिळून एक तरी बोला! तीन वर्षं जेवू घातलं तुम्हाला, एवढी अक्कल नाही आली?" मग मास्तरकडे वळले. माझं अरबी मोडकंच, पण जेवण आणि भांडण यांना पुरतं. "तुम्हाला डोळ्यांनी बघायचाय ना बाबर्ची? यल्ला. चला."

मी पुढे, मास्तर मागे, त्याच्या मागे सगळं बेट. वालीच्या अंगणात बोरीखाली गेले आणि बोट दाखवलं. दगड दोन, एक डोक्याशी, एक पायाशी. वारा माती उडवायचा म्हणून मी रोज तिथे चार तांबे पाणी टाकायची. त्या दिवसाच्या पाण्याने माती अजून ओली होती.

"हे," मी म्हटलं.

मास्तर उभा राहिला.  त्याने हात वर करून फातिहा वाचली. आम्ही सगळ्यांनी वाचली.

मग आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वालीने खुर्ची आणली, कबरीशेजारी मांडली, बंदूक मांडीवर घेतली आणि बसला. "मी इथलं सरकार," म्हणाला. "तुझा कायदा मी ऐकला. काल रात्री हा माणूस बेटावर होता. परवाही होता. तीन वर्षांत एक रात्र बाहेर गेला नाही. तुझ्या वहीत असा दुसरा कोण आहे?"

मास्तरने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मला विचारलं, "घरी कोण?"

"दोन मुली. एक आठवीत, एक सहावीत."

"शाळेत जातात?"

"मी इथे आहे तोवर जातात."

 लाँच सुटायला वेळ होता आणि दुपार झाली होती. मी म्हटलं, पाठवायचं तर पाठव, पण माझ्या दारातून उपाशी कुणी गेलेला नाही. पान वाढलं. आमसूल घातलेलं सुरमईचं कालवण, भात, वर तळलेलं एक तुकडं. तो हात धुऊन बसला. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे.  त्याने कालवण भातावर घेतलं, जेवला, पुन्हा मागितलं, जेवला. हात धुतले. रुमालाने एकेक बोट पुसलं.

मग वही उघडली. पेन काढलं. "बाबर्चीचं नाव काय?"

माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे बघितलं. सहा वर्षं ज्याच्या नावाच्या सावलीत राहिले ते नाव माझ्या तोंडात होतं, ओठांवर येत नव्हतं. नाव घेतलं नाही तर त्याच लाँचने परत जावं लागणार होतं, पोरींची शाळा त्या नावावर होती. आणि मी, वालीला चटईवर उभं करणारी बाई, मला ते घेता येईना!

इब्राहिमभाई भिंतीपासून पुढे आले. काखेतली हजेरीची वही काढली, उघडली, घसा साफ केला आणि रोज सकाळी पुकारतात तसं, खाणीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ह्यांचं नाव पुकारलं.

मी आत गेले. झारा मारला परातीवर. असा मारला की वालीची बकरी धक्क्यापर्यंत पळाली.

बाहेरून पेनाचा कुरकुर आवाज आला. वही मिटल्याचा आला. मास्तरची पावलं दाराशी आली आणि थांबली.

"बाबर्चीला सांगा," तो म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय."